यंत्राला पाजलेली पेज

ती. सासूबाई,

त्या धुण्याच्या मशीनची मला पडलेली खरी किंमत आज एकदा मांडून टाकतो. उजव्या अंगठ्याचं एक नख. तुमचं एक हिरवं इरकली लुगडं. साहेबांच्या दोन पांढऱ्या पाटलोणी. अंबरनाथच्या सहा खेपा, त्यातल्या चार हातगाडी ढकलत. एक डबी ‘विलायती ग्रीस’, तिच्याबद्दल पुढे बोलूच. आणि एक बायको. ती गेली नाही, पण तिची ट्रंक भरून झाली होती, म्हणून हिशोबात धरली.

एवढं सगळं देऊन मिळालं काय? तर दुकान, आणि एक गोष्ट. ती गोष्ट गेली पाच-सहा वर्षं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आलोय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक!

काल एक जण इस्त्री घेऊन आला होता, त्यालाही सांगत होतो. “बटण दाबलं, मशीनला कान लावला, आणि एका क्षणात रोग ओळखला!” आणि इथे मी सवयीने थांबलो. कारण या जागी फळ्यांच्या पार्टिशनआडून तुम्ही खाकरायच्या. मोठ्याने नाही, घशात माशी अडकल्यागत, एकदाच. काल आतून काहीच आलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, “मग? पुढे?” पुढचं मला सुचेचना! तुम्हाला जाऊन महिना झाला, आणि माझीच बढाई मला तुमच्या खाकरण्याशिवाय पुढे रेटता येत नाही. म्हणून हे पत्र.

बघा, पहिल्याच ओळीला मी अडखळलो होतो. तुम्हाला हाक काय मारायची? लग्न झाल्यापासून, एक दिवस सोडला तर, तुम्ही माझ्याशी समोरासमोर बोलला नाहीत. डोईवर पदर, नजर खाली, आणि बोलणं सगळं भिंतीशी. “त्यांना म्हनावं, भाकर निवतेय.” कुणी म्हणायचं, भिंतीने? घरात तिसरं माणूस नसलं तरी तुम्ही भिंतीलाच निरोप द्यायच्या. जावयाशी थेट बोलू नये ही तुमच्या बदलापूरकडची रीत, आणि मीही ती अशी पाळली की विचारू नका. दोन हातांवर तुम्ही बसलेल्या, आणि मी आतल्या कुसुमला ओरडून सांगतोय, “तुझ्या आईला चहा हवा का विचार गं!”

आज पहिल्यांदा थेट बोलतोय. आता कोण अडवणार?

तुम्ही मुलगी दिलीत ती अंबरनाथच्या कारखान्यातल्या फिटरला. महिन्याचा पगार, अंगावर खाकी कपडे, भोंगा झाला की घरी. दोन वर्षांनी त्याच फिटरने नोकरी सोडली आणि निर्वासितांच्या छावणीतल्या एका बराकीचा पुढचा भाग एका सिंधी काकांकडून भाड्याने घेऊन तिथे पंखे, शेगड्या, इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान मांडलं. पुढे दुकान, मागे संसार, मध्ये फळ्या. मला माझ्या कानांची फार घमेंड होती हो! कारखान्यात कुठल्या लेथचं बेअरिंग मरायला टेकलंय हे मी दारातून सांगायचो. म्हटलं, असले कान असताना दुसऱ्याच्या भोंग्यावर का उठायचं?

तुम्ही बदलापूरहून आलात, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. ते खाली ठेवलंत आणि भिंतीला म्हणालात, “शिमग्यापातूर बघते. धंदा लागला तर बरं. नाय तर पोरीला नि नातीला घेऊन जाते. नोकरी धरली की या म्हनावं न्यायला.” कुसुम रडली. मी पंख्याचं पातं पुसत राहिलो, जणू ऐकलंच नाही. पण ऐकलं होतं. कारखान्यातला फोरमनही म्हणाला होता की, शिमग्यापर्यंत जागा भरत नाही, परत ये. म्हणजे तुम्हा दोघांनी ठरवल्यासारखी एकच मुदत दिलीत. ठरवलं नव्हतंत ना?

आणि शिमग्याला तीन आठवडे राहिले असताना बंगल्यावरून बोलावणं आलं.

कारखान्याच्या कॉलनीतले साहेब विलायतेला शिकून आले होते, आणि येताना बोटीतून धुण्याचं मशीन घेऊन आले होते. मी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. पांढरं शुभ्र पिंप, खाली चार चाकं, मधोमध ताकाच्या रवीसारखा दांडा, आणि वर कपडे पिळायला रबराचे दोन रूळ, तेही विजेवर फिरणारे. रवी अडकली होती. बटण दाबलं की नुसतं घूंऽऽ.

साहेबांच्या बाई मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, “मिस्त्री, हे चालू झालं तर कॉलनीतले चौदा बंगले तुमचे. पंखे, रेडिओ, इस्त्र्या, सगळं. नसेल जमत तर आत्ताच सांगा, मुंबईला पाठवून देऊ.”

न जमणं कसं सांगणार? मी कान लावला, डोळे मिटले आणि म्हटलं, “बेअरिंग.”

बेअरिंगला काहीही झालेलं नव्हतं, सासूबाई. तरीपण ते मी हातगाडीवर घालून छावणीत आणलं आणि उघडलं.

रवीच्या बुडाशी करड्या रंगाचा थर होता. चिकट, कडेला वाळून टणक झालेला. मी बोटावर घेऊन चोळला. गार पाण्यात धरला, विरघळेना. अहाहा! “कुसुम, इकडे ये! विलायती ग्रीस बघ! पाण्यात राहून पाण्याने जात नाही! याला म्हणतात डोकं!” मी तो सगळा थर खरवडून बामाच्या रिकाम्या डबीत भरला. एका खेपेला मुंबईला गेलो तेव्हा नागदेवीच्या यंत्रसामानाच्या एका दुकानात ती डबी नेऊन दाखवली. शेठने वास घेतला, बोटाला लावलं, माणसाला दाखवलं, आणि गंभीरपणे म्हणाला, “हे आपल्याकडे येत नाही.” मला केवढा अभिमान वाटला!

तुम्ही तेव्हा आमच्याकडेच होता. मी डबी फळीवर ठेवली, तुम्ही झाडताना ती उघडलीत आणि भिंतीला म्हणालात, “भाताची पेज कुनी डबीत जपून ठेवलीय ती? आंबूस वास येतोय.”

मी ऐकलं. शब्द न शब्द ऐकला! आणि मनात म्हटलं, म्हातारीला ग्रीसमधलं काय कळतंय. शिवाय बोलणं भिंतीशी चाललं होतं, माझ्याशी थोडंच?

विलायती ग्रीस मिळेना म्हणून मी आपलं काळं ग्रीस भरलं. मशीन जोडलं तेव्हा एक वायसर उरला. पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं, पट्ट्यात अंगठा गेला, नख तिथेच राहिलं. अखेर बटण दाबलं. फिरलं! फिरलं ते असं फिरलं की चार चाकांवर गडगडत बराकीच्या दाराबाहेर निघालं. सिंधी काका खाटेवर पापड खात बसले होते, पाय वर घेऊन ओरडले, “अरे साईं, पकड़ो! मशीन घूमने जा रही है!” तुम्ही दारात उभ्या होता. पदर तोंडावर घेतलात. तुम्ही हसलात, मी पाहिलं. इतक्या वर्षांनी कबूल करा!

बंगल्यावर पोचवलं. तीन दिवसांनी निरोप आला: रवी पुन्हा अडकली, आणि साहेबांच्या दोन पांढऱ्या पाटलोणींवर काळे पट्टे आले. बाईंनी त्या माझ्यासमोर धरल्या. “मिस्त्री, हे काय?” माझं देशी ग्रीस होतं ते. मी मान खाली घालून गाडी पुन्हा छावणीकडे ढकलली.

उघडलं, तर तोच करडा थर! मी चक्रावलो. ग्रीस मी काढून टाकलं होतं, ते परत आलं कुठून? माझा तर्क ऐका आणि वरती बसून पोट धरून हसा. मी ठरवलं की हे ग्रीस मशीनच्या आतून, कुठल्यातरी गुप्त कप्प्यातून, आपोआप पाझरतं. कुसुमला मी तसं समजावूनही सांगितलं. ती बिचारी “हो का?” म्हणाली.

त्याच दिवशी तुमच्या लुगड्याचा बळी गेला. पिळायचे रूळ तपासायला लांब कापड हवं होतं. दोरीवर तुमचं इरकली वाळत होतं. नऊ वार! याहून लांब घरात काय होतं? भिजवलं, टोक रुळांत दिलं, बटण दाबलं. पहिले दोन वार झकास पिळून बाहेर आले. मग टोक वरच्या रुळाला चिकटलं आणि लुगडं बाहेर यायच्या ऐवजी रुळावर गुंडाळायला लागलं. मी ओढतोय, ते आत जातंय! चार वार, पाच वार, रूळ हंड्याएवढा झाला, मशीन कण्हायला लागलं, कुसुम “अहो, आईचं! अहो, आईचं!” करून नाचतेय, आणि मला बटण सापडत नाहीये. शेवटी काकांनी उठून वायरच उपटली.

वर एक दांडी होती. ती दाबली की दोन्ही रूळ वेगळे होतात. हे मला पुढच्या महिन्यात कळलं.

मी कात्री शोधत होतो. तुम्ही आतून भिंतीला म्हणालात, “त्यांना म्हनावं, कात्री लावू नका. मी सोडवते.” आणि मी बाहेर गेल्यावर तुम्ही दोन तास बसून ते लुगडं इंच इंच सोडवलंत. त्यावर रबराचे काळे पट्टे कायमचे राहिले. एका शब्दाने बोलला नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

मशीन दुसऱ्यांदा पोचवलं, आणि ते तिसऱ्यांदा अडकलं. बाई म्हणाल्या, “मिस्त्री, तुम्ही कष्ट खूप केलेत. शनिवारी मुंबईचा माणूस येतोय.” त्या प्रेमाने बोलल्या, म्हणूनच जास्त लागलं. शिमगा सोमवारचा होता. मी घरी आलो तर कुसुमची ट्रंक दाराशी. वर मुलीचं झबलं घडी करून ठेवलेलं. कुसुम चुलीकडे तोंड करून बसलेली. मी पाटावर बसलो आणि फोरमनला काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागलो.

तेवढ्यात मागून आवाज आला. “जावईबापू.”

खरं सांगतो, मी वळून दाराकडे पाहिलं, दुसरा कुणी जावई आलाय का!

तुम्ही माझ्यासमोर उभ्या होता. पदर डोईवर, पण नजर वर. हातात माझी बामाची डबी.

“यंत्राला कुनीतरी पेज पाजतंय,” तुम्ही म्हणालात. “तीनदा भिंतीला सांगितलं. भिंत काय दुरुस्ती करनार हाय? उद्या मला तिथं न्या.”

मी म्हटलं, “अहो, पण ते ग्रीस...”

“चाखून बघा.”

मी चाखलं. ग्रीसला मिठाची चव होती.

दुसऱ्या दिवशी आपण बंगल्यावर गेलो. तुम्ही पुढे, मी दहा पावलं मागे. बाईंनी खुर्ची दिली, तुम्ही खाली बसलात. मी पिशवीतले पाने-पकडी चाळत उभा. तुम्ही मशीनकडे पाहिलंही नाहीत. बाईंना एकच विचारलंत, “ताई, शेवटचं पानी कशाचं?”

“शेवटचं? खळीचं,” बाई म्हणाल्या. “यांना पाटलोण कडक लागते. भाताची पेज गाळून घालते.”

“कशात?”

“यातच! एवढं मोठं पिंप असताना बादली कशाला भरू? पेजेत कपडे बुडवून ठेवते, चांगली चढते खळ.”

मी न राहवून म्हटलं, “बाई, हे आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही विचारलंत कुठे?” बाई म्हणाल्या. “तुम्ही विचारलंत व्होल्टेज किती, फ्यूज कुठला, तेल केव्हा घातलं. आणि कपड्याला खळ घालतात, यात सांगायचं काय?”

बरोबर होतं त्यांचं! ते मशीन बनवणाऱ्या विलायतेतल्या माणसाला हे स्वप्नातही सुचलं नसेल, आणि आपल्याकडच्या बाईला याहून वेगळं सुचणार नाही. इतक्या खेपा घातल्या, पण धुणं कसं धुता हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझे कान मशीनला, आणि रोग गिऱ्हाइकाच्या तोंडात!

तुम्ही बंबातलं कढत पाणी मागितलंत. तांब्या तांब्याने रवीच्या बुडाशी ओतलंत आणि हाताने दांडा हळूहळू हलवत राहिलात. पाचव्या की सहाव्या तांब्याला दांडा कचकन सुटला. ना पाना, ना स्क्रू. “ताक घुसळलं की रवी धुवून ठेवायची असते,” तुम्ही बाईंना म्हणालात, “ही पन तशीच.” बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. मग चहा झाला. आणि इतका पराक्रम करून तुम्ही बशी तोंडाला लावली ती माझ्याकडे पाठ करून, कारण समोर जावई!

परतताना शिवमंदिराच्या वाटेने तुम्ही पुन्हा दहा पावलं पुढे. आणि तुम्ही रस्त्याला म्हणालात, “पोरगं मेहनती हाय. नुसतं इचारत नाय कुनाला.”

मला ऐकू आलं. तुम्हाला ते ठाऊक होतं, होय ना?

घरी येऊन तुम्ही ट्रंक उघडलीत, कुसुमचं एकेक पातळ काढून खुंटीवर टाकलंत आणि भिंतीला सांगितलंत, “शिमग्याची पुरनपोळी हितंच करू. गूळ आना म्हनावं.” मी गूळ आणायला पळालो. असा पळालो की चपला विसरलो! फोरमनला निरोप पाठवला की जागा भरून टाका.

चौदा बंगले मिळाले. त्यावर दुकान उभं राहिलं, नात शाळेत जायला लागली, आणि शेवटची दोन वर्षं तुम्हीही आमच्याकडेच राहायला आलात. फळ्यांच्या आत तुमची खाट, बाहेर माझं बाक. मी आलेल्याला गोष्ट सांगायचो, कान लावला, रोग ओळखला, आणि तुम्ही खाकरायच्या. एकदाही बाहेर येऊन म्हणाला नाहीत की खोटं आहे. बदलापूरला लग्नाच्या मांडवात मी पन्नास माणसांत तेच सांगितलं. तुम्ही बायकांत बसला होता. एकीने विचारलं, “खरंच का गं, जावयाचे कान इतके तिखट?” तुम्ही म्हणालात, “फार.”

का झाकलंत मला? आणि त्या दिवशी एकदा थेट बोलून पुन्हा भिंतीकडे का वळलात? मला वाटलं होतं, आता रीत मोडली, आता गप्पा होतील. आपलं जमलं असतं हो! तुम्ही बोलायला फार गमतीच्या होता.

काल गिऱ्हाईक गेल्यावर मी आत गेलो आणि कुसुमला सगळं खरं सांगितलं. पेज, कढत पाणी, सगळं. म्हटलं, आता ही थक्क होणार. ती भाकरी थापत म्हणाली, “मला ठाऊक आहे. आईने त्याच दिवशी भिंतीला सांगितलं होतं. काकांनाही ठाऊक आहे, फळ्या त्यांच्याही बाजूला आहेतच की.” आणि हसायला लागली. मीही हसलो. आम्ही दोघं इतके हसलो की पलीकडून काकांनी विचारलं, “क्या हुआ साईं, फिर लुगड़ा गया क्या?”

म्हणजे इतकी वर्षं अख्खी बराक माझी बढाई ऐकून घेत होती! कोणी एकाने तरी...

असो. सासूबाई, शब्द देतो. यापुढे ती गोष्ट सांगेन तेव्हा तुमच्या नावाने सांगेन, तांब्यासकट. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला विचारेन, मग यंत्राला. आणि माझ्या मुलीचं लग्न होईल तेव्हा जावयाला पहिल्याच दिवशी सांगेन की तुझ्या सासूशी तोंडावर बोल, वेळ वाचेल.

फक्त दुकानावरची पाटी तेवढी राहू देतो, ‘कल्याण ते कर्जत, धुण्याच्या मशीनचे एकमेव कारागीर’. मजकुरात खोटं काही नाही. कल्याण ते कर्जत मला माहीत असलेलं धुण्याचं मशीन एकच होतं, आणि साहेबांची बदली झाली तेव्हा तेही पुण्याला गेलं.

तुमचा जावई,
दत्तू